रुळवायला आलेलं इंजिन

अंबातो, २९ ऑगस्ट २०१८

गालो,

वर आशीर्वाद-बिशीर्वाद काही लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. तुला आशीर्वाद द्यायचा की नाही हे माझं अजून ठरायचंय.

आज बसच्या पार्सल ऑफिसातून फोन आला, खोकं आलंय, घेऊन जा म्हणून. पाठवणारी कोण, तर मोन्सेराते आंचुंदिया, राहणार मोन्तेक्रिस्ती. मी कुणा मोन्सेरातेला ओळखत नाही. खोक्यात टोप्या विणायच्या गवताची कातरण ठासून भरलेली आणि मधोमध कोरं करकरीत इंजिन. सोबत चिठ्ठी, मला 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब म्हणणारी. "नमस्कार दोन्या सोइला. रिमोटवर पळणाऱ्या खेळातल्या गाडीचं इंजिन आहे, एकदाही सुरू केलेलं नाही. तुमच्यासारखं नवं इंजिन कुणी रुळवत नाही असं ऐकलंय. घाई नाही."

घाई नाही म्हणे! समुद्रकाठच्या माणसांना कधी कशाची घाई असते?

चिठ्ठीतलं अक्षर तुझं नाही. पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून धुराच्या भोकात कापसाचा बोळा बसवलाय, त्याला दोरा आडवा-उभा गुंडाळलाय आणि शेवटी गाठ न मारता नुसता पीळ दिलाय. हा आपल्या घरचा बोळा आहे, गालो. असा बोळा करणारी माणसं जगात तीनच. त्यातली आई टेकडीवरच्या दफनभूमीत झोपली आहे, आणि मी तर इथे खोकं उघडत बसले आहे. मग राहिलं कोण?

तीन वर्षं तोंड उघडलं नाहीस आणि आता कुठल्यातरी बाईच्या पदराआड लपून इंजिन पाठवतोस. खोकं तसंच उचलून परत बसमध्ये टाकणार होते. मग म्हटलं, इंजिनाने माझं काय वाकडं केलंय. करीन ते काम.

हे पत्र मी टाकणार नाहीये. पण घरात मोठ्याने बोलण्यापेक्षा कागदावर बोललेलं बरं. परवा दूधवाल्याने खिडकीतून विचारलं, "पाहुणे आलेत वाटतं?" मी म्हटलं, "हो, आलेत." काय सांगणार त्याला?

सोइला


अंबातो, २ सप्टेंबर

गालो,

आज पहिली टाकी जाळली.

अंगणात तीच जुनी लाकडी घोडी, तिच्यावर इंजिनं रुळवायची गाडी, चाकं अधांतरी. नवं इंजिन किती घट्ट असतं ते तुला आठवत असेल. पिस्टन वर जाताना नळीत असा अडकतो की फ्लायव्हील बोटाने फिरत नाही. आणि तसंच हवं. वरच्या टोकाला ती पकड आहे तोवर इंजिनात जीव आहे. ती गेली की लिंबाएवढं इंजिन लिंबाएवढ्याच किमतीचं. हेअर ड्रायरने ते चांगलं चटका बसेपर्यंत तापवलं, इंजिनाच्या डोक्याभोवती आईच्या ओव्हनमधला चंदेरी कागद गुंडाळला, कारण आपल्या डोंगरातल्या गारठ्यात ते गार पडतं. कार्बोरेटरची सुई भरपूर उघडी ठेवली, म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. मग सुरू केलं. खोकलं, थुंकलं, धूर ओकला आणि धरलं एकदाचं. सगळं अंगण इंधनातल्या एरंडेलाच्या वासाने भरून गेलं. लोकांना तो वास आवडत नाही. मला त्या वासाने भूक लागते.

टाकी संपत आल्यावर इंजिन बंद केलं आणि सवयीने ओरडले, "पिस्टन खाली!"

कोणी आलं नाही. येणार कोण! ते तुझं काम होतं. इंजिन गरम आहे तोवर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणायचा, नाहीतर थंड होताना नळी त्याला वरच आवळून धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. इतकासा होतास तेव्हापासून, मी ओरडले की हातातला पाव टाकून धावत यायचास, बोट भाजून घ्यायचास आणि चोखत उभा राहायचास. आज मीच फिरवला. बोट भाजलं.

तेव्हा किती सोपं होतं सगळं. रुळवणं माझं, सुई तुझी, फिल्टर आईचा. आपापलं काम करायचं आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आईचा नियम. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती हवेच्या फिल्टरचा पिवळा स्पंज भांड्याच्या साबणाने धुवायची, चुलीजवळ वाळवायची आणि मग त्याला तेल चोळून चोळून बसवायची. तेल असलं की धूळ चिकटून तिथेच राहते, इंजिनात शिरत नाही. आपल्या दोघांना हात लावू द्यायची नाही. "तुमच्या हातांना मायाच नाही," म्हणायची.

आणि ग्वायाकिलची ती अंतिम शर्यत. तू दुसरा होतास. पहिला होणारच होतास, मला ऐकू येत होतं. मग आवाज फाटला, गाडी वळणावर थांबली ती थांबलीच. फ्लायव्हील फिरवून बघितलं तर पकड गायब. आणि तू काय केलंस? सगळ्या लोकांसमोर, आईसमोर, हात वर करून ओरडलास, "इंजिन नीट रुळवलेलंच नव्हतं!"

मी! माझं रुळवलेलं इंजिन! किटो आणि रिओबांबाहून लोक माझ्याकडे इंजिनं पाठवतात, गालो.

मग मीही बोलले. डोंगरातून समुद्रावर गेलं की हवा दाट होते, सुई उघडावी लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुई तशीच घट्ट ठेवली तर इंजिन उपाशी पळतं, तापतं आणि पकड खाऊन बसतं. तू सुई उघडायला विसरलास, असं मी म्हटलं. एकदा नाही, दहादा म्हटलं, आणि ट्रॅकभर म्हटलं.

तेवढंही मी गिळलं असतं. पण परतीच्या बसमध्ये तू आईशेजारी बसलास, मी मागच्या सीटवर. मला झोप लागली असं तुला वाटलं. ती तुला काहीतरी विचारत होती, तिचा आवाज पोचला नाही. तुझा पोचला. "नाही गं आई. ताईच्या हातचा दोष आहे. दुसरं काही नाही. तू झोप."

आईला जाऊन सांगितलंस. ते मी विसरलेले नाही.

सोइला


अंबातो, ९ सप्टेंबर

गालो,

रविवार. शर्यत नाही, गिऱ्हाईक नाही. यापिंगाचो केले. बटाट्याच्या वड्या एका माणसापुरत्या करताच येत नाहीत. आता दोन दिवस तेच खायचं.

ट्रॅकवर काय चालतं ते तुला कळत नसेल, म्हणून सांगते. माइकवर अजून ओल्गेरच असतो. त्याची जीभ अजून तशीच, दात मात्र नवे. कुणाची गाडी मध्येच बसली की तो माइकवर ओरडतो, "अरे, गालो केला रे याने!" सगळे हसतात. आता तर नवीन मुलंही म्हणतात, "बघ हां, सुई बघ, गालो करशील." गालो कोण हे त्यांना माहीतही नाही. त्यांना वाटतं हा असाच एक शब्द आहे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. खोटं कशाला बोलू?

तू आईच्या मातीला आलास ते मी बघितलं होतं. शेवटच्या बाकावर, ओल्या जाकिटात. रात्रभराचा प्रवास करून आला होतास. मी सगळ्यांना कॉफी दिली, तुझ्या रांगेपाशी आले आणि वळले. लोकांनी बघितलं. तूही बघितलंस. दुपारच्या बसने गेलास.

शेवटच्या वर्षात तिचं काही खरं नव्हतं. दोनदा जेवायची, किंवा जेवायचीच नाही. मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. डॉक्टर म्हणाले, हे काही आजचं नाही, खूप आधीपासून सुरू झालं असणार. पण फिल्टरची आठवण पक्की. "दे गं फिल्टर, धुवून टाकते." आपली शर्यतीची गाडी कुठली आता! मी तिला जुनेच स्पंज द्यायचे. ती धुवायची, वाळवायची, दुसऱ्या दिवशी मी तेच परत द्यायचे. खूश असायची.

इंजिनाच्या चार टाक्या झाल्या. छान रुळतंय. पण मंद ठेवलं की मध्येच आपोआप किंचाळतं. कुठून तरी चोरून हवा ओढतंय. उद्या बघते.

परवा घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. हसू नकोस.

सो.


अंबातो, ११ सप्टेंबर

गालो,

कार्बोरेटर जिथे इंजिनात बसतो तिथली रबरी रिंग चिरलेली निघाली. हवा तिथूनच शिरत होती. त्या मापाची रिंग गावात नाही. आणि मग आठवलं, आहे. माझ्या स्वयंपाकघरात आहे.

तुझं ग्वायाकिलचं इंजिन चमच्यांच्या खणात, फडक्यात गुंडाळून पडलंय. त्याच बनावटीचं, त्याच मापाचं. तीन वर्षं मी ते उघडलं नाही. पुष्कळ जण म्हणाले, "दोन्या सोइला, उघडा ना, आत बघितलं की कळेल कोण खरं." मी म्हणायचे, मला बघायची गरज नाही, मला माहीत आहे. खरं सांगू? आत माझा दोष दिसला असता तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुझा दिसला असता तरीही नव्हतं.

पण आज काम अडलं होतं. म्हटलं, कार्बोरेटर फक्त काढू, रिंग घेऊ, बाकीचं झाकून ठेवू.

कार्बोरेटर काढला आणि त्याच्या घशात बोट घातलं. बोटाला बारीक मातीची कचकच लागली.

कार्बोरेटरच्या घशात कचकच नसते, गालो. तिथे फक्त गाळलेली हवा जाते. मी पांढऱ्या बशीवर बोट पुसलं. ग्वायाकिलच्या ट्रॅकची लाल-करडी माती, पिठासारखी बारीक.

मग मी सगळंच उघडलं. नळीला वरून खाली उभे ओरखडे, अगदी बारीक, शेजारी शेजारी. पिस्टनलाही तसेच. सुई घट्ट राहून इंजिन तापलं असतं तर पिस्टनचं डोकं जळकं दिसलं असतं. ते स्वच्छ आहे. रुळवण्यात चूक असती तर एका बाजूला चकाकी असती. नाही. सगळीकडून सारखं घासलंय. अख्खी शर्यतभर ते माती खात पळत होतं.

फिल्टरला तेलच नव्हतं.

मी बशी समोर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. आदल्या संध्याकाळी ग्वायाकिलच्या त्या खोलीत आई फिल्टर धुताना मी बघितली होती. वाळवताना बघितली होती. तेल चोळताना? मी नव्हते बघत. आईचं काम बघायचं नसतं, हा तिचाच नियम.

आणि गाडी माझ्या हातात आली तेव्हा तिच्यावर फिल्टर नव्हताच. तुला विचारलं तर म्हणालास, "पडला असेल कुठेतरी." मी तेव्हा सुईकडे बघत होते. रागात होते. फिल्टर काही असा पडत नाही, त्याला पट्टी असते.

तू काढलास तो. वळणावर, गाडी उचलल्या उचलल्या. काढलास आणि खिशात टाकलास. आई कुंपणाला धरून उभी होती, छत्री घेऊन, आणि ओरडून विचारत होती, "काय झालं रे? काय झालं?" आणि तू हात वर केलास.

गालो, असंच झालं ना?


अंबातो, १२ सप्टेंबर

मी मोन्सेरातेला फोन केला. खोक्यावर तिचा नंबर होता. बाईचा आवाज कसला खणखणीत!

"अय्या, तुम्हीच सोइलाताई? मला वाटलं डोंगरातल्या बायका पुटपुटत बोलतात."

"आणि मला वाटलं समुद्रावरच्या बायका फोन उचलायच्या आत झोपतात. तू माझ्या भावाची कोण?"

"बायको. गेल्या मेमध्ये लग्न केलं. तुम्हाला बोलवायचं म्हणाला होता, मग विषय सोडून दिला. ताई, तो घरात नाहीये, म्हणून पटपट सांगते. इंजिन मी पाठवलंय. त्याला माहीत नाही."

म्हणजे तुला माहीतच नाही! मी इथे तुला शिव्या घालतेय आणि तुला पत्ताच नाही. तिने सांगितलं की ते इंजिन तू दोन वर्षांपूर्वी घेतलंस, बोळा बसवून कपाटात ठेवलंस आणि नुसतं बघतोस. रुळव की, असं ती म्हणाली तर म्हणालास, "माझं इंजिन एकच माणूस रुळवतं."

मी फोन खाली ठेवून ती मातीची बशी जवळ ओढली. तिला वाटलं फोन कटला.

"ताई? आहात ना?"

"आहे. मोन्सेराते, एक सांग. त्याच्याकडे पिवळा स्पंजाचा एक तुकडा आहे का? अंगठ्याएवढा, मातकट?"

"आहे ना! देवीच्या फोटोमागे. घाणेरडा, वाळून कडक झालेला. मी एकदा धुवायला घेतला तर माझ्या अंगावर ओरडला हो. कधी ओरडत नाही तो. मी म्हटलं, कुणाचा आहे एवढा? तर म्हणाला, आईचा. ताई, स्पंज कसा काय आईचा असतो?"

"असतो," मी म्हटलं. "धुऊ नकोस तो."

आता मला बसमधली गोष्ट कळली. तिचा प्रश्न मला तेव्हा ऐकू आला नव्हता. आता येतोय. "माझ्या फिल्टरचं काही नाही ना रे?" असंच विचारत होती ना ती? आणि तू म्हणालास, ताईच्या हातचा दोष आहे, दुसरं काही नाही.

मला का नाही सांगितलंस, हे काल रात्रभर तुला विचारत होते. उत्तर मलाच सापडलं. माझ्या पोटात राहिलं असतं का? मी रागात होते, माझ्यावर आळ आला होता. त्याच बसमध्ये मी पुढे वाकून म्हटलं असतं, आई, तू तेल लावायला विसरलीस. आणि ती गेल्यावरही तू सांगितलं नाहीस, कारण गेलेल्या बाईच्या माथी काय मारायचं. त्यापेक्षा लोक गालोला हसले तर हसू देत.

तुझा राग करायची मला इतकी सवय झाली होती की आता हात मोकळे मोकळे वाटतायत. काय करायचं त्यांचं ते समजत नाही. मी फार रडले. एकटीच होते, पुरेपूर रडले.

सोइला


अंबातो, २२ ऑक्टोबर

गालो,

बरेच दिवस लिहिलं नाही. इंजिन तयार आहे. पण त्याआधी माझं एक काम राहिलं होतं, ते काल झालं.

काल वार्षिक शर्यत होती. सगळे आले होते, किटोवाले, लाताकुंगावाले, सगळे. मी माझं टेबल मांडून बसले होते. दुसऱ्या फेरीत एकाची गाडी बसली आणि ओल्गेरने माइक उचलला. "आणि हा पाहा आजचा पहिला गालो!"

मी उठले. त्याच्या मचाणाच्या पायऱ्या चढले आणि हात पुढे केला.

"माइक दे."

"काय झालं दोन्या सोइला? किल्ल्या हरवल्या का परत?"

"दे म्हटलं ना."

माइकमध्ये स्वतःचा आवाज किती म्हातारा वाटतो रे! मी म्हटलं, "ग्वायाकिलला माझ्या भावाचं इंजिन गेलं ते सुईमुळे नाही. सुई बरोबर होती. मी इंजिन उघडून बघितलंय. ते मी नीट रुळवलं नव्हतं. घाई केली होती. पकड माझ्या हातून गेली. गालो तेव्हा खरं बोलला होता आणि मी तीन वर्षं खोटं बोलत होते. आता तो शब्द पुन्हा वापरू नका."

  ओल्गेरने माइक घेतला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. मग मला म्हणाला, हळू, माइकशिवाय, "तुम्ही आणि घाई? दोन्या सोइला, तुम्ही तर एका टाकीनंतर इंजिनाला रात्रभर झोपवता."

"त्या वेळी नाही झोपवलं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. आईला तो ओळखत होता. शेवटच्या वर्षात एकदा ती ट्रॅकवर हरवली, तेव्हा त्यानेच हात धरून घरी आणली होती. काही ओळखलं की काय कोण जाणे. मान हलवली आणि पायऱ्या उतरताना मला हात दिला.

संध्याकाळी रिओबांबावाले आले आणि त्यांचं इंजिन परत मागून घेऊन गेले. नम्रपणे बोलले. म्हणाले, आम्हीच रुळवू म्हणतो. लाताकुंगाच्या माणसाने तर नजरच चुकवली. चाळीस वर्षांचं नाव असं पाच मिनिटांत टेबलावरून उचलून नेलं लोकांनी. वाईट वाटलं, गालो. फार वाईट वाटलं. माझ्याजवळ दुसरं होतंच काय?

पण घरी येताना मागून कुणीतरी पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "तापव नीट आधी, नाहीतर सोइला करशील." मला हसू आलं. आपल्या घराण्याचं नाव काही ट्रॅक सोडत नाही.

आईचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. येणारही नाही.

सोइला


अंबातो, २४ ऑक्टोबर

गालो, बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद. ठरलं एकदाचं.

खोकं उद्याच्या बसने येईल. आत तुझं इंजिन आहे, मोन्सेरातेला रागावू नकोस. गवताखाली ही सगळी पत्रं आहेत. पहिली दोन वाचून फाडून टाकलीस तरी चालेल. रबरी रिंग तुझ्या जुन्या इंजिनाची बसवली आहे. सुई इथल्या हवेला लावलेली आहे, तिथे उघड. ते तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. मी कोलादा मोरादा, आपला फळांचा काढा, करणार आहे, जांभळा, घट्ट, आईसारखा, आणि बाळांच्या आकाराचे पाव. एका माणसापुरता तोही करता येत नाही. टेकडीवर जायला दोन माणसं असली तर फुलं, पाणी, झाडू सगळं एका खेपेत नेता येतं. तिसरं आलं तर तिला स्वेटर दे, समुद्रावरची बाई गारठून जाईल. आणि तो देवीमागचा स्पंज घेऊन ये. आपण तो आईजवळ ठेवू. तिला काही बोलायचं नाही.

यावेळी तुला कॉफी पहिली देईन.

आणखी एक. खोक्यात नवा फिल्टर ठेवलाय. मी धुतला, वाळवला, तेल चोळलं. निदान चोळलं असं मला वाटतंय. काल दूध उतू गेलं तेव्हा मी तिथेच उभी होते आणि मला ते दूध माझं आहे हे आठवलं नाही. म्हणून बसवायच्या आधी बोट लावून बघ. आईचं आपण कधी बघितलं नाही. माझं बघत जा.

तुझी,
ताई